लिंपलेला काठ

बुधवारी दुपारी उनडांच्या अंगणात जे भांडण झालं, त्यातली सगळ्यांत नवलाची गोष्ट अशी, की सभाई पुफी आणि सूमर चाचा एका बाजूनं बोलले. दोघं सख्खे बहीणभाऊ. एकानं ऊन म्हटलं की दुसऱ्यानं सावली म्हणायची, असा त्यांचा जन्माचा शिरस्ता. म्हशीला खुराक किती घालावा इथपासून मत कुणाला द्यावं इथपर्यंत त्यांचं कधी जमलं नव्हतं. त्यामुळे चाचा बहिणीकडे बघत मान हलवून म्हणाला, "अदी बरोबर बोलते," तेव्हा खाटेवर पडलेले त्यांचे थोरले भाऊ बचल रईससुद्धा खोकायचे थांबले.

हाकिमां चुलीपाशी तांदळाच्या भाकरी थापत होती. तिचे हात चालू होते आणि कान अंगणभर फिरत होते. या घरची ती धाकटी सून, आणि तिच्या नाकाला सगळ्या गोठात, त्या लहानशा गावात, तोड नव्हती. कुणाच्या दारात पाहुणा आला, कुणाचं चुलाण आज उशिरा पेटलं, हे तिला विचारल्याशिवाय चैन पडत नसे. सासरे बचल रईस तिला लाडानं ठाणेदार म्हणत. पण आजची चौकशी दुसऱ्या कुणाची नव्हती. आज जे ठरणार होतं त्यावर तिचं स्वतःचं घर राहणार की मोडणार हे अवलंबून होतं.

भांडण पाण्याचं होतं. रविवारी पहाटे डाहरींची पाळी होती. कालव्याच्या शाखेवरून निघालेली चारी आधी उनडांच्या शेतांना लागून जाते आणि मग पार शेपटाला डाहरींच्या गव्हात पोचते. त्या पहाटे ती पोचलीच नाही. वलीडिनोच्या शेताजवळ चारीचा काठ कुणीतरी फोडला होता, आणि उजाडेपर्यंत डाहरींचं सगळं पाणी वलीडिनोच्या गव्हात जाऊन बसलं होतं. पोह महिन्यात, ऐन थंडीत, शाखेला आधीच पाणी कमी. डाहरींचा गहू पहिल्या पाण्यासाठी जीभ काढून बसलेला. पाळी हुकली ती हुकली, पुढची आठवड्यानंतर.

वलीडिनो हा हाकिमांचा नवरा आणि दादन डाहरी हा तिचा बाप. ज्या दिवशी हाकिमां या घरात आली, त्याच दिवशी वलीडिनोची बहीण जुलेखां हाकिमांच्या भावाला, सोहराबला, दिली गेली होती. वट्याचं लग्न, मुलगी द्यायची आणि मुलगी घ्यायची. अशा लग्नात एका घरी बिनसलं की दुसऱ्या घरचा संसारही उठतो, मग तो कितीही सुखाचा असो. दादन डाहरीनं निरोप धाडला होता: शुक्रवारी जमीनदार वडेऱ्याच्या ओताकीत, त्याच्या बैठकीत, फैसला बसेल. तोवर उनडांनी गुन्हा पदरात घेतला तर ठीक, नाहीतर माझी मुलगी मी नेतो आणि तुमची तुम्ही न्या. हाकिमांची झेबू तीन वर्षांची होती. ती मात्र कुठं गेली नसती, कारण मुलं बापाची.

"मी उद्या मेड घेऊन जाते," सभाई पुफीनं, वलीडिनोच्या आत्यानं, सांगून टाकलं होतं, आणि तिथून सगळं पेटलं होतं. मेड म्हणजे गुन्हेगाराच्या घरच्या बायका कुराण डोक्यावर घेऊन दुखावलेल्याच्या दारात जातात. बायका दारात आल्या की खुनाचं वैरही तिथं मिटतं, रिकाम्या हातानं त्यांना कुणी परत पाठवत नाही. पण मेड गेली याचा अर्थ गुन्हा आमचा, हेही त्यातच आलं.

वलीडिनो अंगणात येरझारा घालत होता. एरवी तो चार शब्दांत दिवस काढणारा माणूस. "जे मी केलंच नाही त्याची मेड कसली? पुफी, तू तिकडे पाऊल टाकलंस की मी पाणीचोर ठरलो. मेल्यावर कबरीवरही तेच सांगतील."

"ठरशील," पुफी म्हणाली. "चोर ठरलास तर बायको घरात राहील. साव ठरलास तर रिकाम्या घरात बस, आणि लोकांना सांग आपण किती साव आहोत ते."

नेमकं इथंच सूमर चाचानं बहिणीची बाजू घेतली. मोठ्या मायेनं त्यानं पुतण्याला समजावलं, की घराण्याची शांती महत्त्वाची, माणसाचं नाव काय, आज जातं उद्या येतं. हाकिमांनं भाकर उलटली आणि मनात म्हणाली, वा रे चाचा. बचल रईस गावचे नेकमर्द. गावातली कुरबूर वडेऱ्यापर्यंत जाऊ न देता आपल्याच ओताकीत मिटवायची, हे त्यांचं काम. त्यांची छाती भरून येऊ लागल्यापासून गावानं ठरवलं होतं, की गहू निघाला की नेकमर्दाची पग वलीडिनोच्या डोक्याला बांधायची. पाणीचोराच्या डोक्याला कोण पग बांधणार? मग उरला कोण, तर सूमर चाचा. दुसऱ्याच्या नावाची त्याला एवढी काळजी नव्हती ती यासाठी.

मग काठ चाचानं फोडला असेल का? हाकिमांनं हे रविवारपासून दहा वेळा तपासून पाहिलं होतं, आणि दहाही वेळा उत्तर नाही असं आलं होतं. कारण तिनं तो काठ पाहिला होता.

रविवारी गवत कापायच्या निमित्तानं ती चारीवर गेली, तेव्हा दोन्हीकडचे पुरुष खिंडाराभोवती उभे राहून फावडं किती रुंद असेल यावर हुज्जत घालत होते. कालव्याचा बेलदार येऊन बघेपर्यंत खिंडार बुजवायचं नाही असा डाहरींचा हट्ट होता. ती गवताचा भारा घेऊन त्यांच्या मागून हळूच गेली आणि वाकून बघितलं. खिंडाराच्या दोन्ही कडा लिंपलेल्या होत्या. चिकणमातीत भुसा मळून, वरून खाली हात फिरवून, जसं चुलीचं तोंड लिंपतात तसं. पाण्यानं कड खाऊन काठच वाहून जाऊ नये म्हणून कुणीतरी पहाटेच्या थंडीत हे केलं होतं. पुरुष काठ फोडतो आणि पळतो. तो कशाला बसेल लिंपत? आणि पाणी लागलं नव्हतं त्या वरच्या भागात चार बोटांची लाट होती, करंगळीपाशी थोडी उचललेली. ती लाट सभाई पुफीची. पुफीच्या हाताखाली शिकलेल्या बायकाच चुलीच्या ओठावर तशी बोटं ओढतात. हाकिमांही तशीच ओढते.

म्हणजे बाई, आणि तीही या घरची. हाकिमांला स्वतःबद्दल खात्री होती. चाचीला लिंपणाचा कंटाळा, तिची चूल कायम तडकलेली. उरली पुफी. आणि तीच पुफी आता मेड न्यायला उतावीळ झाली होती. हे कोडं तिला सुटत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

बचल रईसांनी शेवटी हात वर केला. त्यांना बोलताना धाप लागत होती, म्हणून सगळे जवळ सरकले. ते म्हणाले, की आयुष्यभर मी दुसऱ्यांना झुकायला सांगत आलो, आता माझ्या दारावर आलं तर मान ताठ ठेवून कसं चालेल? मेड जाऊ द्या. वलीडिनो काही बोलणार तोच हाकिमां चुलीपासून उठली.

"मीही जाते," ती म्हणाली.

बापाच्या दारात मुलीनं मेड घेऊन जावं असं कुणी ऐकलं नव्हतं. चाची म्हणाली, की हे म्हणजे आपलंच आपल्याकडे मागायला जाण्यासारखं झालं. पुफी मात्र हाकिमांकडे बारीक डोळे करून बघत राहिली आणि मग म्हणाली, की चालेल, सून ती या घरची आहे. वलीडिनो बायकोकडे वळला. त्याच्या नजरेत राग नव्हता, दुसरंच काही होतं, आणि ते हाकिमांला वाचता येईना.

"जाऊ दे तिला," तो म्हणाला. "तिला जायचंच असेल तर अडवणारा मी कोण?" आणि तो बाहेर निघून गेला.

गुरुवारी सकाळी सहा बायका निघाल्या. पुढं पुफी, डोक्यावर रेशमी फडक्यात गुंडाळलेलं कुराण, मागं चाची आणि शेजारच्या बायका, शेवटी हाकिमां. शाखेच्या पुलापर्यंत तिनं दम धरला. पुलावर पुफी गुडघे चोळायला थांबली, तशी ती तिच्याजवळ गेली.

"पुफी, खरं सांगा. काठ तुम्ही फोडलात?"

पुफीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे गुडघे बघ. मी खाली बसले तर उठवायला चौघी लागतात. पहाटे चारीत बसून लिंपण घालीन मी?"

लिंपणाचं हाकिमांनं कुणाजवळ काढलं नव्हतं. "म्हणजे तुम्हीही पाहिलंत."

"बोटं मी शिकवली, मला दिसणार नाहीत? चल, ठाणेदार. उगाच शोध लावत बसू नकोस, मिटवायला आलोय आपण." पण चालताना तिचा चेहरा असा झाला होता, की हाकिमांनं पुढचा प्रश्न गिळला.

दादन डाहरी शेतावर होता. त्याला बोलवायला माणूस गेला. बायका अंगणात जमिनीवरच बसल्या, कारण मेडेच्या बायका खाटेवर बसत नाहीत आणि मागणं पुरं होईपर्यंत पाण्याला शिवत नाहीत. हे अंगण हाकिमांच्या पायाखालचं होतं. आई गेल्यापासून ते तिला उजाड वाटायचं, पण आज कुणीतरी भिंती सारवल्या होत्या, रिल्ल्या, ठिगळांच्या गोधड्या, उन्हात घातल्या होत्या, आणि कोपऱ्यात नवी चूल घातली होती. चुलीच्या ओठावर चार बोटांची लाट होती, करंगळीपाशी उचललेली.

चुलीमागं जुलेखां बसली होती. मनगटं काटक्यांसारखी झाली होती तिची. तिनं हाकिमांकडे पाहिलं, मग आपल्या चुलीकडे, आणि समजून चुकली. हाकिमां विस्तव सारायच्या बहाण्यानं तिच्याजवळ जाऊन टेकली.

"मीच फोडला," जुलेखां पुटपुटली. "जा, सांग सगळ्यांना."

"का पण?"

"घरी जायचं होतं. नुसतं जाते म्हटलं तर कोण जाऊ देतं? दोन्ही घरं भांडली की आपोआप पाठवतील, असं वाटलं."

"आणि माझं काय झालं असतं?"

"तुझं मोडलं असतं. माहीत होतं मला. म्हणून तर दोन ईदा कळ काढली." तिनं ओढणीनं नाक पुसलं. सोहराबनं कराचीत दुसरा संसार थाटला होता. तिथं मुलगाही झाला होता. इकडे यायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं. हाकिमां हे ऐकून गार पडली. तिला वाटत होतं भाऊ गोदामाच्या नोकरीत अडकलाय, बापानं तसंच सांगितलं होतं.

"बाबांना ठाऊक आहे?"

"मुलगा झाल्याची मिठाई आली होती. बाबांनी ती म्हशीला घातली, आणि मला म्हणाले, कुणाला बोलू नकोस." जुलेखां थोडं हसली, पण ते हसू बघवेना. "लिंपलं अशासाठी, की काठ वाहून गेला असता तर अदाचा, माझ्या भावाचा, गहू बुडाला असता. पाणी जरासं जावं एवढंच हवं होतं मला." मग तिनं मान वर केली. "तू साऱ्या जगाची चौकशी करतेस, अदी. भेटलीस की म्हशीनं दूध किती दिलं ते विचारतेस. मी कशी आहे ते कधी विचारलंस?"

हाकिमांला लाज वाटली, आणि ती लाज तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली असणार, कारण जुलेखांनं तिच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

दादन डाहरी आत आला आणि जागीच उभा राहिला. म्हातारा उंच होता, मिशी अजून पीळदार, पायांना चिखलाऐवजी कोरडी धूळ. भिंतीवरून शेजारणींची डोकी वर आली होती, दारात भाऊबंद जमले होते. मेड ही काही चोरून बघायची गोष्ट नाही. त्याची नजर बायकांवरून फिरत फिरत मुलीवर आली.

"तू कुणाकडून आलीस?" त्यानं विचारलं.

"उनडांकडून," हाकिमां म्हणाली.

पुफीनं कुराण दोन्ही हातांत घेतलं आणि बोलायला सुरुवात केली. ती असल्या बोलण्यात वाकबगार. चूक आमची, पाणी तुमचं, आमचा पोर घसरला, तुम्ही मोठे, मोठ्यांनी पदर मोठा करावा, असं ती बोलत गेली आणि शेवटी तिनं डोक्यावरची ओढणी काढून म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवली. दादन डाहरीनं लगबगीनं ती उचलून परत तिच्या डोक्यावर घातली. अशा वेळी कुणाचंही काळीज हलतं, आणि तो तर मनानं वाईट नव्हताच. त्यानं कुराणाला हात लावून डोळ्यांना लावला.

"माफ," तो म्हणाला. "माझा गहू जळला तरी चालेल, बायकांची ओढणी मातीत नको. फक्त एवढंच, उद्या ओताकीत वलीडिनोनं उभं राहून सांगायचं, की काठ मी फोडला."

पुफीनं मान डोलावली. दारातल्या माणसांनी सुटकेचा श्वास टाकला. जुलेखां पाण्याचा हंडा आणि वाट्या घेऊन आली. पुफी प्यायली, चाची प्यायली. हाकिमांनं वाटी हातात घेतली आणि न पिताच जमिनीवर ठेवली.

"पी की," बाप म्हणाला.

"अजून मागणं व्हायचं आहे, बाबा."

"माफी तर दिली."

"ती पुफीनं मागितली. माझं मागणं वेगळं आहे." तिनं वाटी आणखी दूर सरकवली. "जुलेखांला आमच्याबरोबर पाठवा. सोहराब स्वतः न्यायला येईल तेव्हा ती येईल. तोवर माहेरी राहील."

पुफीनं तिची ओढणी खेचली, हाकिमांनं ती सोडवून घेतली. दादन डाहरीचा चेहरा आधी लाल झाला आणि मग उतरला. सोहराबचं नाव चारचौघांत निघालं होतं, आणि ते का निघालं हे त्याच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं.

"वट्याचा कायदा विसरलीस?" तो हळू आवाजात म्हणाला. "ती या उंबऱ्याबाहेर गेली, तर तू इथं राहशील. झेबूला सोडून."

झेबू सकाळी निघताना हाकिमांच्या सलवारीला धरून रडली होती. पण मागं फिरणं तिला आता जमणार नव्हतं, आणि बोलता बोलताच तिला वाट दिसली.

"मुलगी म्हणून आले असते तर तुम्ही ठेवून घेतलं असतं, मी काही बोलले नसते. मी आज मेड म्हणून आलेय. तुम्हीच विचारलंत ना, कुणाकडून आलीस? मेडेची बाई कुणी दारात अडकवून ठेवली, असं आपल्या सात पिढ्यांत झालंय का? तिला ओढणी घालून, आली तिथं परत पाठवतात. आणि तिचं मागणं नाकारत नाहीत. दोन्ही तुमच्याच घरी शिकले."

भिंतीवरची एक म्हातारी म्हणाली, की मुलगी खरं बोलतेय, दादन. दारातल्या एका भाऊबंदानं तिला गप्प राहायला सांगितलं, आणि तिनं त्यालाच चार शब्द सुनावले. म्हाताऱ्याला ते काही ऐकू आलं नसावं. तो चालत चुलीपर्यंत गेला आणि सुनेपुढं उभा राहिला.

"तुला जायचंय?" त्यानं विचारलं. या घरात तिला काय हवं ते कुणी विचारण्याची बहुधा ती पहिलीच वेळ होती.

"जायचंय, बाबा," जुलेखां म्हणाली. "तुम्ही मला कधी वाईट वागवलं नाही. पण जायचंय."

मग आतल्या पेटीतून त्यानं ओढण्या काढून आणल्या, त्यात हाकिमांच्या आईची एक होती. ती त्यानं हाकिमांच्या डोक्यावर टाकली, जुलेखांला दुसरी घातली, आणि कुणाकडेही न बघता परत शेतावर निघून गेला. हाकिमांनं वाटी उचलून पाणी प्यायलं.

पुलावर गुडघे चोळताना पुफी म्हणाली, "मला फक्त पोरीचं पाप झाकायचं होतं. तू तर पोरगीच उचलून आणलीस." मग तिनं जुलेखांला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवर एक धपाटा घातला, आणि दोघी रडल्या. काठाचं खरं आपल्या तिघींपलीकडे जाणार नाही, असं हाकिमांनं जुलेखांला तिथंच कबूल केलं. ती गोष्ट फुटली असती तर जुलेखांला दोन्ही गावांत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

गोठाच्या तोंडाशी वलीडिनो उभा होता. त्यानं बायकांच्या घोळक्यात आधी हाकिमांला शोधलं, मग बहिणीला पाहिलं. तिची मनगटं पाहिली. तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून त्यानं खांद्यावर घेतलं. ती का आली एवढं हाकिमांनं त्याला सांगितलं, सोहराबचं सांगितलं, आणि मग जडपणे म्हणाली, की उद्या ओताकीत तुम्हाला उभं राहावं लागेल. तो आरडाओरडा करेल अशी तिची खात्री होती. तो "बरं" म्हणाला आणि पुढं चालू लागला.

शुक्रवारी नमाजानंतर फैसला बसला. बायकांना तिथं जागा नसते, पण ओताकीतली बातमी माणसं घरी पोचायच्या आत पोचते. वडेऱ्यानं विचारलं आणि वलीडिनोनं उभं राहून सांगितलं, की काठ मी फोडला. फावडं कुणाचं, तर माझं. बरोबर कोण होतं, तर कुणी नाही. वडेऱ्यानं उनडांची पुढची पाळी डाहरींना तोडून दिली आणि दोघांना गळाभेट घ्यायला लावली. बचल रईस खाली बघत बसले होते. पगेचा विषय कुणी काढला नाही, पण उठताना गावची माणसं सूमर चाचाशी बोलायला थांबली, आणि चाचा अचानक फार नम्र झाला होता.

दुपार कलताना हाकिमां भाकर घेऊन शेतावर गेली. वलीडिनो चारीच्या काठावर माती घालत होता. खिंडार बेलदारानं रविवारीच बुजवलं होतं, पण तो वरून पुन्हा पुन्हा माती घालून ठोकत होता. ती काठावर बसली. त्याच्याशी काय बोलावं ते तिला कळत नव्हतं. त्याचं नाव तिनं बापाच्या अंगणात देऊन टाकलं होतं, आणि त्यानं साधं का म्हणूनही विचारलं नव्हतं.

"लिंपायचं कशाला?" तो एकदम म्हणाला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "नुसता फोडून गेली असतीस तर मला कळलंही नसतं."

"कोण गेली असती?"

"तू. रविवारी सगळ्यांच्या आधी मी इथं आलो होतो. रोज तुझ्या चुलीपुढं बसून जेवतो, बोटं ओळखणार नाही?"

हाकिमांनं भाकरीचं फडकं खाली ठेवलं. म्हणजे अंगणात तो जे ताठून भांडत होता ते स्वतःच्या नावासाठी नव्हतं. मेड गेली की पुढं चौकशी होईल, आणि चौकशीत हिचा हात निघेल, याची त्याला भीती होती. आणि आज सगळ्या गावापुढं त्यानं जे आपल्या अंगावर घेतलं, ते तिचं समजून घेतलं होतं.

"इतके दिवस मनात ठेवलंत?" ती म्हणाली. "मला विचारायचं तरी."

"काय विचारायचं? माहेरी जायचंय म्हणून फोडलास का, असं? आणि तू हो म्हणाली असतीस तर?" त्यानं फावडं जमिनीत रोवलं. "काल तू त्यांच्याबरोबर गेलीस तेव्हा वाटलं, आता काही परत येत नाही. पुलावर सहा बायकांच्या सात झालेल्या दिसल्या, तरी मी आधी मोजत होतो, त्यात तू आहेस का ते."

जुलेखांला दिलेला शब्द हाकिमांला आठवत होता. पण नवऱ्याचं हे असं ऐकल्यावर तो पाळणं तिला शक्य झालं नाही. "तो हात माझा नव्हता," ती म्हणाली. "पुफीनं आणखी एकीला शिकवलंय."

त्याला कळायला क्षण लागला. मग त्यानं घराच्या दिशेनं पाहिलं, जिथं जुलेखां झेबूला मांडीवर घेऊन बसली असणार, आणि काठावरच खाली बसला.

"कुणाला सांगू नका," हाकिमां म्हणाली.

"आता कुणाला सांगणार? मी फोडला ना." त्यानं हात झटकले आणि भाकरीचं फडकं ओढून घेतलं. ते सोडताना त्याची बोटं थांबली. पुढचं विचारायला त्याला धीर होत नव्हता, हे तिला दिसलं. सगळ्या गोठाला प्रश्न विचारत हिंडणारी ती, तिच्या स्वतःच्या घरात एक प्रश्न असा उपाशी बसून होता.

"मला जायचं नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हतं."

वलीडिनोनं मान हलवली, भाकर मोडली आणि अर्धी तिच्या हातात दिली.